शेवंतीची नाल

नाशिकच्या टांगेवाल्यांनी कधी 'घोडा मेला' असं म्हटलं नाही. रविवार कारंजावरच्या त्यांच्या अड्ड्यावर दिवसभर शिव्यांची लयलूट असे, एका गिऱ्हाइकावरून एकमेकांचे बापजादे निघत, पण हा एक शब्द कुणाच्या जिभेवर येत नसे. घोडा गेला की म्हणायचं, "नाल उतरली." रीतच तशी होती. पायात लोखंड असताना जनावर मातीत घालायचं नाही, म्हणून गेलेल्या घोड्याच्या चारी पायांची नाल काढायची आणि अड्ड्यावरच्या जवळच्या माणसांना एकेक द्यायची. त्यांनी ती आपापल्या दारावर ठोकायची. पुढं पुढं माणसांनाही तेच लागू झालं. सावळीराम टांगेवाला गेला त्या दिवशी कुणीतरी एवढंच म्हणालं, "सावळ्याची नाल उतरली," आणि सगळ्यांनी मुकाट्यानं आपापले घोडे सोडले.

जिवंत घोड्याची नाल 'बदलायची' असते. नालबंद नवी नाल आणि खिळे आधी हाताशी मांडून ठेवायचा, आणि मगच जुनीला पकड लावायचा. नुसती उतरवून ठेवणं ही गोष्टच त्या जगात नव्हती.

हे सगळं आधीच सांगून टाकलं, कारण ज्या डॉक्टरबाईंमुळे पुढचा घोळ झाला, त्यांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

भिमाजी हा त्याच अड्ड्यावरचा. जातीचा माळी, मखमलाबादेला मळा, पण मातीत हात घालायचा जन्माचा कंटाळा. म्हणून तरुणपणी टांग्यावर चढला तो म्हातारा होऊनच खाली उतरला. त्याची शेवटची घोडी म्हणजे शेवंती. रंगानं फिकट पिवळी, म्हणून मळ्यातल्या फुलाचं नाव. मागच्या सिंहस्थाच्या आधी आणलेली. त्या सिंहस्थात तिनं इतके साधू पंचवटीला पोचवले की तिला मोक्ष ठरलेला आहे, असं भिमाजी गिऱ्हाइकांना छातीवर हात ठेवून सांगायचा. देवळ्याहून लग्न लागून आलेली सून दीपमाला, तिला एस.टी. स्टँडवरून घरी आणली तीही शेवंतीनंच. नवरी अवघडून बसली होती, घोडी मात्र स्वतःचंच लग्न असल्यासारखी मान काढून चालली होती.

मग रिक्षा वाढल्या. टांग्यात बसायला कुणी मिळेना. भिमाजीनं टांगा गंगापूर रस्त्यावरच्या एका हॉटेलाला विकून टाकला. त्यांनी तो फाटकाशी उभा केला आणि त्यात फुलांच्या कुंड्या ठेवल्या. घोडी मागणारेही आले होते. त्यांना भिमाजीनं दारातूनच परतवून लावलं आणि शेवंतीला चालवत मळ्यावर आणलं.

तिथं त्यानं तिच्यासाठी तबेला बांधला आणि खाली शहाबादी फरशी घातली. घराची ओसरी अजून शेणानं सारवावी लागायची तेव्हाची ही गोष्ट. "घोडीला फरशी आन मला शेन," असं त्याची बायको चिमणाबाई येईल त्याला ऐकवायची. पण भिमाजीला तो आवाज हवा होता. फरशीवर शेवंतीनं पाय बदलला की टाप वाजायची, आणि ती वाजली की त्याच्या जिवाला बरं वाटायचं. सगळा जन्म तो त्या आवाजावर जगला होता. अड्ड्यावर कुणाचा घोडा येतोय हे ते लोक मान न वळवता सांगायचे. चिमणाबाईसुद्धा लांबून टापा ऐकून तवा टाकायची.

काम सुटलं तरी नाल सुटली नव्हती. "अनवानी ठिवू काय तिला?" असं भिमाजी विचारायचा. त्याचा जुना नालबंद लेकीकडं मालेगावला राहायला गेला, तेव्हा त्यानं वरातीच्या घोड्यांना नाल ठोकत मोटरसायकलवर फिरणारा एक गडी धरला. गडी घाईचा होता, आणि त्याचा हात सुताराचा होता. त्यानं दिवाळीच्या सुमाराला नाल बदलली, आणि तेव्हापासून शेवंती पुढच्या डाव्या पायानं लंगडायला लागली.

भिमाजीनं घरचं सगळं करून पाहिलं. मिठाच्या गरम पाण्याचा शेक दिला, हळद-तेल लावलं, एरंडाची पानं बांधली. चिमणाबाईनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. तरी घोडी तो पाय टेकवेना. नुसतं खुराचं टोक जमिनीला लावून उभी राहायची आणि भिमाजीकडं बघायची. त्या बघण्यानं त्याला जेवण जाईना. शेवटी मुलगा ज्ञानेश, जो मळा बघायचा, तोच एक दिवस जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना घेऊन आला.

डॉक्टर शुभांगी वयानं लहान, अंगानं किरकोळ. भिमाजीच्या मनात आलं, ही पोरगी काय पाय उचलणार. पण तिनं शेवंतीच्या खांद्यावरून हात खाली नेला आणि घोडीनं गुमान पाय दिला. हे भिमाजीला फारसं आवडलं नाही. तिनं लहान हातोडीनं खुरावर ठोकून पाहिलं, टाच दाबून पाहिली, बाकीचे तीन पाय पाहिले, खालची फरशी पाहिली आणि सुस्कारा सोडला. तेवढ्यात बांधावरून एकाची हाक आली. शेजारच्या वस्तीवर गाय अडली होती. डॉक्टरबाई हात धुऊन निघाल्याच.

स्कूटर सुरू करता करता त्या म्हणाल्या, "बाबा, हिची नाल उतरवायची. त्याशिवाय इलाज नाही."

भिमाजीचा हात घोडीच्या मानेवर होता तो तिथंच राहिला.

"दुसरं काय बी करता येनार नाय?"

"दुसरं काही करत बसलात तर तिचे हाल वाढतील. खरं तर हे आधीच व्हायला हवं होतं. आणि तुम्ही नका हात लावू, तुमच्यानं ते व्हायचं नाही. रविवारी मी माणूस घेऊन येते. फार वेळ लागत नाही."

"दुखनार नाय ना तिला?"

"छे हो! उलट सुटेल बिचारी," असं म्हणून डॉक्टरबाई गेल्यासुद्धा.

ज्ञानेशनं हात झटकले. "चला, मिटलं एकदाचं. मी तर म्हणतो नाना, टांगा विकला तेव्हाच हे उरकून टाकायला पायजे होतं."

भिमाजीनं पोटच्या पोराकडं पाहिलं. ज्या घोडीनं याची नवरी घरात आणली, तिच्याबद्दल हा असं बोलतो. त्याला वाटलं, आपल्या रक्तात कुठंतरी खोट आहे. तो काहीच बोलला नाही. ज्याच्या घोड्याची नाल उतरायची असते त्यानं आधी वाच्यता करायची नाही, अशीही एक रीत होती. आणि खरं सांगायचं तर शब्द तोंडातून बाहेर पडला की गोष्ट खरी होईल, असं त्याला भय वाटत होतं.

तिन्हीसांजेला चिमणाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनंच विचारलं, "काय म्हनली डाक्टरीन?"

"नाल उतरवायची म्हनली. रविवारी."

चिमणाबाई टांगेवाल्याच्या घरात नांदलेली. तिला फोड करून सांगावं लागलं नाही. हातातली भाकरी तिनं परातीतच ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि जरा वेळानं पुन्हा थापायला घेतली. रोजच्यापेक्षा चार भाकरी जास्त केल्या.

"ह्या तिला घाला," ती म्हणाली. "आन गूळ डब्यात हाय. आता हात आखडू नका."

मग त्या घरात दोन घरं झाली. एकात म्हातारा-म्हातारी घोडीचा निरोप घेत होती, दुसऱ्यात मुलगा-सून त्यांच्याकडं बघून चक्रावत होती. भिमाजी सकाळी उठून खरारा घ्यायचा आणि शेवंतीचं अंग घासत बसायचा, इतकं की तिच्या अंगावर ऊन चमकायचं. ट्रंकेतून जुनी घुंगरमाळ काढून त्यानं तिच्या गळ्यात घातली. चिमणाबाईनं तिच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं आणि पुरण शिजवलं. गूळ तर येता-जाता चालू होता. ज्ञानेशशी मात्र भिमाजी अवाक्षर बोलेना. मुलगा ताटावर बसला की हा उठायचा.

"घोडीचं काही व्रत असतं का या दिवसांत?" दीपमालानं नवऱ्याला विचारलं.

"टांगेवाल्यांचं काही सांगता येत नाही," ज्ञानेश म्हणाला आणि फुलांच्या पाट्या उचलून बाजाराला गेला.

भिमाजी दिवसभर घोडीशी बोलायचा. पंचवटीच्या उतारावर एकदा तिला चाबूक मारला होता, त्याची माफी मागून झाली. रामकुंडापाशी तिनं एका पुढाऱ्याच्या गळ्यातला हार खाल्ला होता, त्याची आठवण काढून दोघं हसले, म्हणजे भिमाजी हसला आणि घोडीनं कान हलवले. तिच्यामागं आपण कसं जगायचं हे त्याला कळत नव्हतं. सकाळी कुणासाठी उठायचं? ओसरीवर बसून काय ऐकायचं? हे प्रश्न चिमणाबाईला विचारायचे नव्हते, कारण तिला राग आला असता आणि तो बरोबरच असता.

शनिवारी त्यानं ठरवलं, हिला शेवटचं पाणी दाखवायचं. टांग्याचे दिवस होते तेव्हा काम आटोपलं की तो तिला गोदावरीत उतरवायचा, आणि पाण्यात पाय पडले की तिचा शीण जायचा. आता गोदावरी तिच्या पायाला लांब होती. पण मळ्याच्या मागून कालवा जात होता. दुपार कलल्यावर त्यानं दावं सोडलं आणि तिच्या चालीनं, थांबत थांबत, तिला तिथं नेलं.

कालव्याचं पाणी नुकतंच बंद केलेलं. तळाशी डबकी आणि मऊ काळा गाळ राहिला होता. भिमाजीला वाटलं होतं ही काठावरच उभी राहील. पण शेवंतीनं नाकपुड्या फुलवल्या आणि उतारावरून ती आपण होऊन खाली गेली. डावा पाय गाळात पार आत रुतला. तिनं तो उपसायला जोर केला, पुन्हा केला, आणि चप्पकन आवाज होऊन पाय वर आला.

पायात नाल नव्हती.

भिमाजी तिथंच काठावर बसला. रविवारचीसुद्धा वाट बघितली नाही, एवढं एकच त्याच्या मनात आलं. त्यानं खांद्यावरचा टॉवेल तोंडावर ओढून घेतला. आयुष्यात त्यानं पुष्कळ घोडे पडताना पाहिले होते. हिला पडताना त्याला बघायचं नव्हतं. तो धप्प आवाजाची वाट बघत बसून राहिला.

आवाज आला तो गवत खाण्याचा.

त्यानं टॉवेल बाजूला केला. शेवंती काठावरची हरळी ओरबाडून खात होती. आणि उभी होती ती चारी पायांवर. दिवाळीपासून जो पाय तिनं टेकवला नव्हता, तो गाळात सपाट टेकलेला होता, आणि तिचा सगळा भार त्याच्यावर होता. भिमाजीला आधी खरंच वाटेना. त्यानं डोळे पुसून पाहिलं. मग धोतर वर खोचून तो गाळात शिरला आणि दोन्ही हातांनी चाचपून त्यानं ती नाल वर काढली.

एक खिळा वाकडा होता. त्याचं टोक काळं पडलं होतं.

एवढी अक्कल त्याला होती. जन्म त्यातच गेला होता. खिळा खुराच्या भिंतीत सरळ जायच्या ऐवजी आत, मांसाच्या दिशेनं गेला होता. घोडी पाय टेकवील कशी? भिमाजीनं त्या वरातीच्या नालबंदाला अड्ड्यावरची ठेवणीतली शिवी दिली, मग स्वतःला दिली, आणि मग गाळातच बसून घोडीच्या पायाला मिठी मारून तो मोठ्यांदा रडला. आनंदानं म्हणायचं तर तसं, लाजेनं म्हणायचं तर तसं. पण उठला तेव्हा त्याचं मन पक्कं झालेलं होतं. उद्या ती बाई आली की तिला फाटकातूनच परतवून लावायचं.

रविवारी डॉक्टरबाई आल्या. बरोबर पकड, कानस घेतलेला एक माणूस. बघतात तर तबेल्याच्या दारात भिमाजी उभा, हातात टांग्याचा जुना चाबूक.

"कुनी हात लावायचा नाय," तो म्हणाला.

"बाबा, ठरलं होतं ना आपलं? नाल उतरवायची म्हणून."

"ती आपली आपन उतरली. तरी घोडी हुबी हाय. बघा डोळ्यांनी. आता तिला मारायचं काय बी कारन नाय."

"मारायचं?" डॉक्टरबाईंनी ज्ञानेशकडं पाहिलं. ज्ञानेशनं आईकडं पाहिलं. चिमणाबाई पदर डोळ्याला लावून उभीच होती.

"आवो बाई," ती म्हणाली, "आमच्यात नाल उतरली म्हंजी जीव गेला."

दीपमालाला सगळ्यांत आधी उमगलं, आणि ती तोंडावर हात धरून घरात पळाली. डॉक्टरबाई फुलांच्या एका उपड्या पाटीवर बसल्या. हसू आवरेना, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"अहो, मी लोखंडाची नाल म्हणत होते. पायातली! काढून टाका, तिला मोकळ्या पायानं राहू द्या, एवढंच म्हणत होते मी."

"मंग तसं म्हनायचं!" भिमाजी ओरडला. "काढा म्हनायचं! उतरवा काय, उतरवा!"

"चुकलं माझं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"नाना, म्हणजे तुम्ही इतके दिवस माझ्याशी..." ज्ञानेश म्हणाला. भिमाजीनं चाबूक खुंटीला अडकवला आणि लेकाच्या पाठीवर एक जोरात थाप मारली. त्यांच्यात समजूत घालायची ती एवढीच पद्धत होती.

मग डॉक्टरबाईंनी त्याला घोडीच्या पायापाशी बसवलं आणि एकेक गोष्ट दाखवली. खिळ्याची जागा औषधानं धुतली. आणखी काही दिवस तो तसाच राहिला असता तर आत पू झाला असता. पण दुखणं तेवढंच नव्हतं. वर्षानुवर्षं लोखंडात राहून टाचा आवळल्या होत्या, आणि खूर पुढून लांबला होता. तळव्याच्या मधला मऊ भाग जमिनीला लागायला हवा, तो कधी लागतच नव्हता. नाल निघाली की तो लागेल आणि टाच हळूहळू पसरेल. पण सगळं एकदम तासायचं नाही. दर महिन्याला पुढून थोडं, कानशीनं, टाचेला हात न लावता.

"आन ही फरशी?" भिमाजीनं विचारलं, जरी उत्तर त्याला कळलं होतं.

"उखडून टाका. माती हवी, वाळू हवी. आणि बाबा, गूळ किती घातलात हिला?"

भिमाजी वर पत्र्याकडं बघायला लागला.

"बंद," डॉक्टरबाई म्हणाल्या. "या वयात लाड सरळ खुरात उतरतात. आणि एक गोष्ट आत्ताच सांगते. ती आता पळायची नाही. थोडी लंगड राहीलच. पण उभी राहील, चरेल, तिची ती हिंडेल."

"मला तरी तिला कुठं न्यायची हाय?" भिमाजी म्हणाला.

उरलेल्या तीन पायांना पकड लागली. प्रत्येक नाल निघताना भिमाजीनं डोळे मिटून घेतले, आणि प्रत्येक वेळी उघडल्यावर घोडी आहे का ते पाहिलं. ती होती. चारही नाल धुऊन त्यानं ओसरीच्या कडेला मांडून ठेवल्या. डॉक्टरबाई गेल्यावर त्यानं आणि ज्ञानेशनं पहार घेऊन फरशी उखडली, कालव्याकडची वाळू पाट्यांनी आणून टाकली. "आता ती फरशी माझ्या ओसरीला," असं चिमणाबाईनं तिथल्या तिथं जाहीर केलं.

कामं उरकून भिमाजी ओसरीवर टेकला तेव्हा फाटकाशी रिक्षा थांबली. तिच्यातून गोरक्ष आणि सोमा उतरले. दोघं जुन्या अड्ड्यावरचे. गोरक्ष आता फूलबाजारात हार ओवायचा. शनिवारी ज्ञानेशनं त्याला सहज सांगितलं होतं, "काका, उद्या आमच्या शेवंतीची नाल उतरवायची आहे." ज्ञानेशला तेव्हा कुठं काय ठाऊक होतं? गोरक्षनं सुई खाली ठेवली होती आणि काही विचारलं नव्हतं.

दोघं आले ते खाली मान घालून आले आणि न बोलता ओसरीवर बसले. भिमाजीला वाटलं घोडीचा पाय बघायला आलेत, थकले असतील. गोरक्षची नजर धुऊन ठेवलेल्या नालांवर गेली आणि तिथंच राहिली.

"भिमा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तू तिला शेवटपतोर दारात ठिवलीस. आमच्याच्यानं नाय झालं."

"आँ?"

"कुनाकुनाला द्यायची ठरवलीस?" सोमानं नालांकडं बोट केलं.

आता भिमाजीच्या डोक्यात उजेड पडला. पण तो तोंड उघडणार एवढ्यात मागून, कसलाही आवाज न करता, शेवंती आली. मोकळे पाय, खाली मऊ माती. तीन टांगेवाले तिथं बसलेले, पण ती आल्याचं एकालाही ऐकू आलं नाही. तिनं गोरक्षच्या खांद्यावर तोंड ठेवलं आणि सुस्कारा सोडला.

गोरक्ष असा ओरडला की शेजारच्या मळ्यातली कुत्री उठली. सोमा तर थेट गुलाबाच्या वाफ्यात जाऊन पडला आणि काट्यांमुळे आणखी ओरडला. भिमाजी हसून हसून आडवा झाला. चिमणाबाई बाहेर आली, दीपमाला आली, आणि सगळ्यांनी मिळून, एकमेकांचं बोलणं तोडत, सगळी हकिगत सांगितली. सोमा काटे काढत हसत होता. गोरक्षही हसला. पण मग तो मध्येच थांबला.

"डाक्टरीन नेमकं काय म्हनली होती?" त्यानं विचारलं.

"नाल उतरवा म्हनली."

"हेच शब्द?"

"हेच. आन त्याशिवाय इलाज नाय."

गोरक्षनं टोपी काढून मांडीवर ठेवली. त्याचा पाखऱ्या नावाचा घोडा होता, तांबडा, कपाळावर चांद असलेला. गेल्या वर्षी त्याचाही पाय दुखावला होता, आणि गोरक्षनं त्याला कुठल्याशा तपासणी शिबिरात नेलं होतं. तिथून गोरक्ष एकटाच परत आला होता. अड्ड्यावरच्या कुणी त्याला कधी काही विचारलं नाही.

"मला बी तेच सांगितलं होतं," गोरक्ष म्हणाला. "तेच शब्द. मी पुढचं ऐकलंच नाय. माझ्यासमोर नको म्हनून वाटंतच एका व्यापाऱ्याच्या हातात दावं दिलं. कुठं नेतो, ते बी इचारलं नाय."

चिमणाबाई आत जाऊन उगीच भांडी हलवायला लागली. भिमाजीला आपल्या जिवलग मित्राच्या तोंडाकडं बघवेना. शेवटी तो म्हणाला, "पाखऱ्याचं दुखनं येगळं असंल रं. त्याला खरंच तसंच सांगितलं असंल."

"असंल," गोरक्ष म्हणाला. दोघांनाही ते खरं वाटलं नव्हतं, पण ते म्हणायला हवं होतं.

भिमाजीनं ओसरीवरची एक नाल उचलून त्याच्यापुढं धरली. गोरक्षनं ती घेतली नाही. तो उठून शेवंतीपाशी गेला, दुखरे गुडघे वाकवून खाली बसला आणि तिच्या पायावर हात टेकवून जुन्या सवयीनं म्हणाला, "दे." शेवंतीनं तिचा डावा पाय उचलून त्याच्या मांडीवर ठेवला.

"ह्याला महिन्याच्या महिन्याला कानस मारायची म्हनलास ना?" खाली बघतच त्यानं विचारलं. "तुझी कंबर गेलेली. पाय कोन धरनार?"

"तेच मी बी बघतोय," भिमाजी म्हणाला.

तेव्हापासून गोरक्ष दर महिन्याला मळ्यावर यायला लागला. भिमाजी कानस चालवायचा, गोरक्ष पाय मांडीवर घेऊन बसायचा, आणि दोघं अड्ड्यावरच्यासारखे भांडायचे, जास्त तासलंस, कमी तासलंस. टाच हळूहळू पसरली. पुढच्या सिंहस्थासाठी शहरातले रस्ते खणून नवे होत होते, तेव्हा शेवंती शेवंतीच्याच वाफ्यांच्या कडेनं, किंचित लंगडत, हिंडत होती. आता तिची चाहूल कुणालाच लागत नसे, म्हणून भिमाजीनं तिच्या गळ्यात एकच घुंगरू बांधलं होतं.

कानस मारून व्हायची, भिमाजी हत्यारं आवरून हात धुऊन यायचा, तरी गोरक्ष तो पाय खाली ठेवायचा नाही. आणि शेवंतीही तो ओढून घ्यायची नाही.